बासष्ट फुटांची सही

वाल्बुर्गाबद्दल कुणी लिहायचं असेल तर ते मीच. बाकीच्यांनी तिच्या हातची बिअर प्यायली, तिच्या हातचं सूप ओरपलं, बायकोची गाऱ्हाणी तिच्यापाशी गायली आणि मिशा पुसत घरी गेले. त्यांना काय माहीत ती कोण! मी तिला ती सहा वर्षांची असल्यापासून ओळखतो, आणि तेव्हापासून तिच्याशी जो कुणी हसून दोन शब्द बोलतो त्याचा मला राग येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना मी कुणाला फार सज्जन माणूस वाटायला नको.

माझं नाव कास्पर झेलनर. धंदा थडग्यांचे दगड घडवण्याचा. शिकागोच्या उत्तरेला, आम्हा जर्मन लोकांच्या सेलरीच्या शेतांपलीकडे मोठं कबरस्तान आहे, त्याच्या फाटकासमोर माझं आवार. आवाराला लागून अलॉइस श्टाइन्डलचा गुत्ता. वाल्बुर्गा ही अलॉइसची बायको. शहरातून प्रेतयात्रा निघाली की घोडागाड्यांना इथवर यायला दोन तास सहज लागायचे. माणूस पुरून झाला की सोबत आलेले लोक थंडीनं काकडलेले, भुकेलेले, रडून घसा कोरडा पडलेले असायचे. ते फाटकातून निघून सरळ रस्ता ओलांडायचे ते वाल्बुर्गाच्या दारात. आत गरम सूप, त्यात कलेजीचे गोळे, उकडलेलं मांस आणि नाकात झणका जाईल अशी मुळ्याची चटणी. दुसऱ्या पेल्यानंतर मेलेल्याच्या जुन्या खोड्या निघायच्या आणि लोक हसायला लागायचे. माझ्याकडे यायचे महिन्याभरानं, दगड सांगायला, आणि तेव्हा पुन्हा रडायचे.

आम्ही दोघं एकाच गावचे, बव्हेरियातले. लहानपणी गावच्या बदकांमागे काठी घेऊन हिंडायचो. ती मला कास्प्या म्हणायची, मी तिला बुर्गे. मी आधी अमेरिकेत आलो, ती चार वर्षांनी, एका बिअरच्या कारखानदाराच्या घरी मोलकरीण म्हणून. मी मनाशी पक्कं केलं होतं, आधी स्वतःचं आवार, मग संसार. आवार घेतलं, पाटी लावली, रविवारचा कोट चढवला आणि तिला विचारायला गेलो. तर दारातच म्हणाली, "कास्प्या, बरं झालं आलास! माझं अलॉइसशी ठरलंय. साक्षीला उभा राहशील ना?"

राहिलो उभा. काय करणार? आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ती मला 'मास्टर' म्हणायला लागली. 'तू'चं 'तुम्ही' झालं. लग्न झालेल्या बाईनं परक्या पुरुषाला अरेतुरे करू नये हा आमच्याकडचा रिवाज आहे, मला मान्य आहे. पण अठरा वर्षं रोज सकाळी कुंपणापलीकडून "काय मास्टर, झोप झाली का?" असं ऐकायचं म्हणजे बोटावर हातोडा बसावा तसं व्हायचं.

अलॉइस वाईट असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. दारुडा असता, मारकुटा असता, तर मी रीतसर द्वेष केला असता. तो आपला गरीब गाय. माझी हातगाडी चिखलात रुतली की न सांगता ढकलायला यायचा. अशा माणसाचा द्वेष करायला फार मेहनत पडते. मी ती मेहनत अठरा वर्षं केली.

अठराशे नव्वदच्या जानेवारीत तो छातीच्या दुखण्यानं गेला. आठवड्याभरानं वाल्बुर्गा काळ्या शालीत माझ्या आवारात आली. "मास्टर, साधाच दगड करा. वर त्याचं नाव, खाली माझं. माझं जन्मवर्ष घाला, पुढची जागा मोकळी ठेवा."

आमच्यात असंच करतात. मागे राहिलेल्याचं नाव आधीच कोरून ठेवतात. मी आजवर शेकडो बायकांची नावं त्यांच्या नवऱ्यांखाली कोरली असतील, तीही तोंडानं शीळ घालत. पण हिचं नाव? त्याच्या नावाखाली? तेही माझ्याच हातानं? मी अलॉइसचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत कोरलं, वर क्रूस, बाजूला द्राक्षांचे घोस, खाली एक लांबलचक प्रार्थना, की दगड काठोकाठ भरला.

तिनं दगडाभोवती एक फेरी मारली. "माझं नाव कुठाय?"

"जागा उरली नाही."

"अलॉइसला द्राक्षं आवडायची नाहीत," ती म्हणाली. "बिअरवाल्याच्या थडग्यावर द्राक्षं! लोक हसतील, मास्टर." आणि पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. तिला सगळं कळलं असावं. पण तिनं दगड नेला आणि नावाचा विषय पुन्हा काढला नाही.

आता परवान्याचं. दारू विकायचा परवाना शहर देतं, तो वर्षाचा असतो. एप्रिलच्या तीस तारखेला जुना संपतो, एक मेला नवा सुरू. परवाना असतो माणसाच्या नावावर, जागेच्या नाही. तो काचेच्या चौकटीत घालून गिऱ्हाइकांना दिसेल असा भिंतीवर टांगावा लागतो. अलॉइसच्या नावाचा परवाना एप्रिलअखेरपर्यंत चालणार होता. मार्च लागताच वाल्बुर्गानं पुढच्यासाठी स्वतःच्या नावानं अर्ज करायचा ठरवला. तिला इंग्रजी जेमतेम, म्हणून नगरपालिकेत सोबत कोण, असा प्रश्न आला. कर्णेवाला फेर्डी तयारच होता. फेर्डिनांड लिंक, प्रेतयात्रेत कर्णा वाजवायचा. बिनलग्नाचा, चेहरा गुळगुळीत, आणि बोलणं तर लोण्यासारखं. मी म्हटलं, "फेर्डीला दोन वाजता वाजवायचंय. मी येतो." दोन वाजता काहीही नव्हतं, पण मी तिच्या शेजारी घोड्याच्या ट्राममध्ये बसून शहरात गेलो. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस म्हणायला हरकत नाही, निदान दुपारी बारापर्यंत.

नगरपालिकेतला कारकून आमचाच, जर्मन निघाला. टकल्या, नाकावर चष्मा. त्यानं अर्ज वाचला. "अर्जदार बाई?"

"का? चालत नाही?" वाल्बुर्गानं विचारलं.

"चालतं की. चालचलन चांगली पाहिजे, त्याचा अहवाल तुमच्या भागातला हवालदार देईल. जमीनजुमला असलेले दोन जामीन हवेत. आणि तुमच्या पट्ट्यातल्या मालकांच्या सह्या."

"कुठला पट्टा?"

"दोन आडव्या रस्त्यांच्या मधला. तुमचं गाव आत्ता गेल्या वर्षी शहरात आलं, पण तुमच्याकडचा हा नियम आम्ही तसाच ठेवलाय. शेजाऱ्यांची लेखी संमती नसेल तर गुत्ता नाही. आणि डोकी नाही मोजत आम्ही, फूट मोजतो. ज्याची जमीन रस्त्याला लागून जितकी लांब, तितकं त्याचं मत मोठं. अर्ध्याहून जास्त फूट तुमच्या बाजूनं पाहिजेत."

"अलॉइसच्या वेळी तर हे कधी..."

"तेव्हा जुना परवाना पुढे चालत होता. हा नवा अर्ज आहे, बाई."

"आणि रस्त्यापलीकडची बाजू?" मी विचारलं.

"तिकडे काय आहे?"

"कबरस्तान."

"मग ती सोडा," कारकून म्हणाला. "त्यांची कशालाच हरकत नसते."

त्यानं नकाशा काढला, पट्टी लावली. आमच्या बाजूला एकूण तीनशे फूट. वाल्बुर्गाचे स्वतःचे आणि तिला नक्की सही देतील अशा शेजाऱ्यांचे मिळून एकशे अठरा. फुलांच्या काचघरांच्या मालकीण टटलबाई, त्यांचे एकशे वीस. त्या मेथडिस्ट पंथाच्या, पाण्याशिवाय कशाला तोंड न लावणाऱ्या. त्यांची सही मिळणं शक्यच नव्हतं. कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. "मग हे बासष्ट फूट महत्त्वाचे. हा झेलनर कोण?"

"मीच तो."

वाल्बुर्गा वळली आणि हसली. अलॉइस गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "मग झालंच की! मास्टर आपले घरचेच."

खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो वेगळाच. आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात माझ्या दगडाखाली सापडला होता. मी सही केली की ती अलॉइसची विधवा म्हणून, स्वतःच्या नावाची मालकीण म्हणून, जन्मभर त्या गल्ल्यामागे उभी राहणार, आणि दुनियाभरचे पुरुष तिच्यापुढे कोपरं टेकून बसणार. नाही केली की गुत्ता बंद. मग ती जाईल कुठे? शेजारी माझं घर होतं. चार खोल्या, नवा चुलाणा, परसात सफरचंदाची दोन झाडं.

"बघू," मी म्हणालो. "एवढ्या मोठ्या कागदावर घाईनं सही करू नये."

ट्राममध्ये परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. मी दोन-तीनदा हवापाण्याचं बोललो, ती हो-ला हो म्हणाली.

घरी आल्यावर मी दगड मोजायची फीत काढून माझ्या आवाराची रस्त्याकडची बाजू स्वतः मोजली. कारकुनाचं बरोबर होतं. बासष्ट फूट, वर एक बोटही नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांनी विचारलं, "काय मास्टर, जमीन वाढली की घटली?" मी म्हणालो, "तुम्हाला काय करायचंय?"

बातमी पसरायला वेळ लागला नाही. चौथ्या दिवशी टटलबाई सफरचंदाची भाजलेली पोळी घेऊन दारात. शेजारी राहून त्या मला आजवर कधी 'गुड मॉर्निंग' म्हणाल्या नव्हत्या.

"मिस्टर झेलनर, तुमचा निर्धार ऐकून आम्हा सगळ्या भगिनींना फार बळ आलं."

"कसला निर्धार?"

"दारूविरुद्धचा!"

माझ्या मिशीला तेव्हा दुपारच्या बिअरचा फेस असावा, कारण त्यांनी जरा नजर फिरवली. पण पोळी ठेवून गेल्या. पुढच्या आठवड्यात दुसरी आणली. माझ्यासाठी त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना होते म्हणाल्या. मी आमच्या पाद्रीबाबांच्या चर्चमध्ये मान खाली घालून बसायचो आणि पलीकडे मेथडिस्ट माझ्या नावानं गाणी म्हणायचे. त्यांच्या पोळीची पारी मात्र चांगली खुसखुशीत असायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी धीर केला. दुपारची वेळ, गुत्त्यात कुणी नव्हतं, वाल्बुर्गा पेले विसळत होती.

"कागद आणलात?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग बिअर घ्या."

"बुर्गे," मी म्हणालो. अठरा वर्षांनी म्हणालो. तिचे हात पाण्यात थांबले. "तुला हा व्याप हवाय कशाला? रविवारी कायद्याला दाखवायला पुढचं दार बंद ठेवायचं, गिऱ्हाइकांना बाजूचं उघडं. हवालदाराला सांभाळायचं, दारुड्यांना बाहेर काढायचं. माझं घर आहे. चार खोल्या आहेत. तू ये."

तिनं हात पुसले. रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. "मास्टर, मला नवराच मागायचा असता तर मी चर्चमध्ये गेले असते. नगरपालिकेत कशाला अर्ज केला असता?"

"मग सही..."

"सही आणि लग्न एकाच कागदावर मागू नका. सही द्यायची तर शेजारी म्हणून द्या. आणि लग्नाचं लग्न म्हणून विचारा, सहा महिन्यांनी, वर्षानं, केव्हाही. तेव्हा मी उत्तर देईन."

"काय देशील?"

"ते सहीवर ठरणार नाही. एवढंच सांगते."

आता कुणाही शहाण्या माणसानं तिथल्या तिथे दौत मागवून सही केली असती. मी करणारही होतो बहुतेक. तेवढ्यात दार उघडलं आणि फेर्डी आत आला, कर्णा काखेत. आणि ती त्याला म्हणाली, "ये रे फेर्डी, बस. सूप गरम आहे."

ये रे! बस! दोन वर्षांपूर्वी या गल्लीत यायला लागलेल्या या पिपाणीवाल्याला 'तू', आणि बदकांमागे जिच्यासोबत धावलो त्या मला 'मास्टर, तुम्ही'! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नंतर कुणीतरी सांगितलं की ती बँडवाल्यांना सगळ्यांनाच अरेतुरे करते, तो गुत्त्यातला रिवाजच आहे. पण ते नंतर. तेव्हा मी पेला तसाच टाकून उठलो.

"काय मास्टर, निघालात?" फेर्डी म्हणाला. "सही करून टाका की बाईंना. बासष्ट फूट काय थडग्यात नेणार?"

"तू तुझं फुंकायचं बघ," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

मग मी वाट बघत बसलो. मला वाटलं, ती एकदा तरी पुन्हा येईल. कुंपणापाशी उभी राहील, म्हणेल, "कास्प्या, एवढं कर ना." देवाशपथ सांगतो, मी त्याच पावली सही केली असती. मला सही नाकारायची नव्हतीच, तिनं ती माझ्याकडे पुन्हा मागायला हवी होती. पण ती आली नाही. सकाळचं "झोप झाली का" मात्र चुकलं नाही, अगदी त्याच आवाजात. दिवस जात होते. मी एकाच देवदूताचा एकच पंख आठवडाभर घासत होतो.

अठ्ठावीस तारखेला सकाळी मी हरलो. टेबलाशी बसलो, कागदावर लिहिलं की मी, कास्पर झेलनर, बासष्ट फुटांचा मालक, माझी पूर्ण संमती आहे. सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि तसाच कुंपण ओलांडून गेलो. दारात गाडा उभा होता. त्यावर पिंपं, बाकं, सूपाचं मोठं पातेलं. वाल्बुर्गा डोक्याला फडकं बांधून बाकं मोजत होती.

"हे काय?"

"बिऱ्हाड हलवतेय. पुढच्या पट्ट्यात, फेर्डीचं कोपऱ्यावरचं घर आहे ना, तिथे. तिकडे सगळे दुकानदार. सह्या एका दुपारी झाल्या."

"भाड्यानं?"

"भाड्यानंच घेणार होते." तिनं एक बाक सरळ केलं. "हवालदार म्हणाला, 'बाई, घर एकट्या पुरुषाचं, खाली तुमचा गुत्ता, वर तुमचं बिऱ्हाड, आणि तुम्ही विधवा. चालचलनीच्या रकान्यात मी काय लिहू?' मग फेर्डी म्हणाला, लग्न करू."

"आणि तू?"

"मी म्हणाले, करू. परवाना नाही तर पोट नाही, मास्टर. शनिवारी घाईनं उरकलं पाद्रीबाबांनी. परवाना त्याच्याच नावावर निघेल. जामीन म्हणाले, नवरा असताना बाईच्या नावाला आम्ही कशाला जामीन राहू?" तिनं डोक्याच्या फडक्याची गाठ आवळली. "मला भिंतीवर माझं नाव हवं होतं. अठरा वर्षं अलॉइसच्या नावाखाली भांडी घासली, एकदा माझं नाव बघायचं होतं. जाऊ दे."

"मी आणलाय कागद!" मी ओरडलोच. "हा बघ! बासष्टच्या बासष्ट!"

तिनं कागद घेतला, सावकाश वाचला, घडी घालून माझ्या कोटाच्या खिशात ठेवला. "तुम्ही ही सही मार्चमध्ये दिली असती तर मी कुणाशीच लग्न केलं नसतं. इथेच राहिले असते, तुमच्या कुंपणापलीकडे. पुढचं पुढे." मग गाडीवाल्याला म्हणाली, "चल रे, पातेलं सांभाळ."

दुसऱ्यासाठी खड्डा खणावा तर आपणच त्यात पडतो म्हणतात. मी तर खड्ड्यांच्याच शेजारी राहणारा, मला तरी कळायला हवं होतं. फेर्डीशी तिचं लग्न फेर्डीनं नाही लावलं, मी लावलं. माझ्या बासष्ट फुटांनी लावलं.

त्यानंतर आमचा पट्टा कोरडा झाला. टटलबाईंनी जुन्या गुत्त्यासमोर रस्त्यावर पाण्याचा नळ बसवला आणि पोळ्या आणायच्या बंद केल्या. त्यांचं काम झालं होतं. प्रेतयात्रेचे लोक आता फाटकातून निघाले की माझ्या आवारावरून पुढे चालत कोपऱ्यावर जायचे. पहिली दोन वर्षं मी तिकडे फिरकलो नाही. तिसऱ्या वर्षी हिवाळा कडक पडला, मग जायला लागलो, रोज एक पेला. भिंतीवर चौकटीत 'फेर्डिनांड लिंक'. खाली ती, सूप वाढताना. कर्णा खुंटीला टांगलेला. तिनं मला कधी कमी मांस वाढलं नाही. फेर्डी तिच्याशी बरा वागायचा, उगाच कशाला खोटं बोलू! तो दारातून आला की ती मान वर करून बघायची, आणि माझ्या पेल्यातली बिअर कडू व्हायची. पाच वर्षं मी ती कडू बिअर न चुकता प्यायलो.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत फेर्डी गेला. भर मिरवणुकीत वाजवताना घाम आला, वारा लागला, दहा दिवसांत संपला. त्याच्या खड्ड्यावर पाद्रीबाबा प्रार्थना म्हणत होते आणि मी, देव मला क्षमा करो, एप्रिलअखेरला किती दिवस उरले ते बोटांवर मोजत होतो. परवाना फेर्डीच्या नावाचा. म्हणजे पुन्हा नवा अर्ज. म्हणजे पुन्हा पट्ट्यातल्या सह्या.

पण त्या पट्ट्यात माझी टीचभर जागा नव्हती. म्हणून मी घेतली. एका चांभाराचं बंद पडलेलं दुकान होतं, पंचवीस फुटांचं, गरजेपेक्षा जास्त पैसे मोजून घेतलं. लोक म्हणाले, बैल गेला नि झोपा केला, म्हाताऱ्याला आता दुकान कशाला? म्हणोत. मी तिथे एक टेबल टाकलं, दौत ठेवली, नवे टाक आणले, आणि मार्च लागताच खुर्ची दारात मांडून बसलो. या वेळी ती तोंडातून शब्द काढायच्या आधी सही करायची, अट नाही, बघू नाही, काही नाही, हे मी इतकं ठरवलं होतं की झोपेतसुद्धा माझा हात सहीची वळणं गिरवायचा.

एका मंगळवारी ती निघाली. केस पांढरे, नाकावर चष्मा, हातात तो लांब कागद. मी खुर्चीतून बघत होतो. आधी बेकरीवाला. त्यानं पिठाच्या हातांनी सही केली. मग न्हावी. मग खोगीरवाला, तो आत बोलवून कॉफी पाजत बसला आणि मी खुर्चीत जळत बसलो. मग माझ्या शेजारचा शिंपी. त्याच्या दारातलं तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. मी दौतीचं झाकण काढलं, टाक बुडवला.

ती माझ्या दारापाशी आली. "काय मास्टर, उन्हाला बसलात?" म्हणाली, आणि चालत पुढच्या दारात गेली.

टाकाची शाई टपकून माझ्या विजारीवर पडली. मी तसाच बसून राहिलो. मला वाटलं, सगळ्यात शेवटी येईल, परतताना. ती परतली पलीकडच्या बाजूनं, त्या बाजूच्या सह्या घेत.

मेमध्ये परवाना आला. मी गेलो बघायला. भिंतीवर चौकट, काच नवी, आत पूर्ण नाव: वाल्बुर्गा लिंक. ती गल्ल्यामागे उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाआधी एकदा त्या चौकटीकडे बघत होती. इतकी सुंदर मला ती लग्नाच्या दिवशीही दिसली नव्हती.

"माझ्याकडे आला नाहीत," मी म्हणालो. मीही 'तुम्ही'च म्हणालो.

"फूट पुरले, मास्टर."

"कितीवर थांबलात?"

तिनं माझ्यापुढे पेला ठेवला. "थांबले कुठे? सगळ्यांच्या घेतल्या. तुमचं एक दार सोडलं."

"का?"

"या वेळी मला कुणाच्या हो-नाहीवर जगायचं नव्हतं. निदान तुमच्या तरी." आवाजात राग अजिबात नव्हता. "बिअर प्या, फेस बसतोय."

प्यायलो. दुसऱ्या दिवशी ट्रामनं शहरात गेलो, त्याच कार्यालयात. टकला कारकून निवृत्त झाला होता. नव्याला म्हटलं, एक संमतीचा कागद बघायचाय, पट्ट्यातला मालक आहे मी. त्यानं काढून दिला. अठरा सह्या. मी एकेक नाव वाचलं. बेकरीवाल्याचं, पिठाचा डाग पडलेलं. न्हाव्याचं. खोगीरवाल्याचं. शिंप्याचं, मागे झुकलेल्या अक्षरांतलं. आणि एक त्या नवीन आलेल्या काचवाल्याचं, जो तिचं आडनाव अजून चुकीचं म्हणतो आणि ज्याला ती कुठल्या गावची तेही ठाऊक नाही. अलॉइसचा मी हेवा केला, फेर्डीचा केला. आता या अठरा जणांचा करतो. त्यांनी काय केलं? दारात उभं राहून बघितलं, हसले, आणि सही केली.